‘तब्येत’, फिजिक्स आणि मनगटाचा एक्स-रे: ‘फ्यूसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ

दहा-अकरा वर्षांचं मूल सायकलवरून पडतं, मनगट सुजतं, एक्स-रे काढला जातो. तो पाहताना आईवडिलांच्या पोटात गोळा येतो, कारण मनगटापाशी हाडाला आडवी काळी रेघ दिसते. हाडाचे सरळ दोन तुकडे झालेत असं वाटतं. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलेलं असतं, ‘ओपन फायसिस’.

ही रेघ म्हणजे मोडलेलं हाड नाही. वाढत्या वयात हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते. तिथे नव्या पेशी तयार होत राहतात, मागच्या पेशींचं हाड होत जातं आणि हाड लांबतं. कूर्चा हाडासारखी क्ष-किरणांना अडवत नाही, म्हणून एक्स-रेवर तिथे काळी फट उमटते. या चकतीला अस्थिरोगतज्ज्ञ ‘फायसिस’ म्हणतात. हाडाचा मधला दांडा तो डायफायसिस, चकतीपलीकडचं टोक ते एपिफायसिस, आणि चकतीला लागून दांडा जिथे रुंदावतो तो मेटाफायसिस. मुलींमध्ये साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ या वयात बहुतेक चकत्यांचं हाड होऊन जातं, रेघ बुजते आणि उंची थांबते. क्रिकेटच्या वयोगटातल्या स्पर्धांमध्ये खेळाडूच्या खऱ्या वयावरून वाद होतात, तेव्हा मनगटाचा एक्स-रे काढतात तोही या चकत्या आणि आजूबाजूची हाडं किती पक्की झाली आहेत हे पाहायलाच.

आता शब्दकोश उघडला तर ‘फायसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ मिळतो ‘निसर्ग’. हाडातल्या कूर्चेच्या चकतीला निसर्ग कशाला म्हणायचं? भर म्हणजे शाळेतलं फिजिक्स, दवाखान्याच्या पाटीवरचा ‘एमडी फिजिशियन’, गुडघ्याला व्यायाम देणारा फिजिओ आणि ‘फिजिकल ट्रेनिंग’ म्हणजे पीटीचा तास, हे सगळे याच शब्दाचे वंशज. गोंधळ होणारच. तो सुटतो एका गोष्टीनं: मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डोंगर-झाडं-नद्या असा नव्हताच. तो ‘उगवणं, वाढणं, होणं’ असा होता. हाडांच्या डॉक्टरांनी सगळ्यात जुना अर्थ जपला आहे.

उच्चार आणि घडण

ग्रीक शब्द ‘फ्यूसिस’. ‘फायसिस’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार. अथेन्सच्या ग्रीकमधला त्यातला स्वर आपल्याकडे नाही: ओठ ‘उ’साठी गोल करायचे आणि तोंडातून ‘इ’ म्हणायचं, की तो जमतो. सुरुवातीचा ‘फ’ मात्र आपला अस्सल, म्हणजे ‘प’ला ‘ह’ची जोड देऊन केलेला. रोमन लोकांनी तो आपल्या लिपीत लिहिताना त्यांच्याकडे ओठ-दातांचा ‘फ’ दाखवणारं वेगळं अक्षर होतं, तरी ते न वापरता ‘प’ आणि ‘ह’ची दोन अक्षरं जोडून लिहिली. तेच स्पेलिंग आपण फिजिक्समध्ये आजही गिरवतो. पुढे ग्रीकांचा हा ‘फ’ ओठ-दातांचा झाला. आज पुण्या-मुंबईत ‘फळ’, ‘फूल’ हे शब्द अनेकांच्या तोंडी ओठ-दातांच्या ‘फ’नं येतात, तोच हा बदल.

शब्दाचे दोन भाग. ‘फ्यू’ हा धातू, अर्थ उगवणं, उपजणं, होणं. आणि ‘-सिस’ हा प्रत्यय, जो धातूपासून क्रियेचं नाव बनवतो. म्हणजे फ्यूसिस हे मुळात एखाद्या वस्तूचं नाव नाही, क्रियेचं आहे. ‘चालणं’, ‘पेरणी’, ‘वाढ’ यांच्या रांगेत बसणारं.

‘होणं’ आणि ‘फ्यूसिस’ एकाच घरातले

हा ‘फ्यू’ धातू म्हणजेच संस्कृतमधला ‘भू’. दोन्ही एका पूर्वज भाषेतून आले. त्या भाषेतल्या ‘भ’चा ग्रीकमध्ये नियमानं ‘फ’ होतो. संस्कृतमध्ये ‘भरति’, ग्रीकमध्ये ‘फेरो’, म्हणजे वाहून नेणं. आपला ‘भ्राता’, त्यांचा ‘फ्रातेर’. आपलं ‘नभस्’, त्यांचा ‘नेफोस’, म्हणजे ढग.

प्रत्ययाचंही तसंच. संस्कृतमध्ये जिथे ‘-ति’, तिथे ग्रीकमध्ये ‘-सि’ येतो आणि पुढे विभक्तीचा ‘स’ लागतो. आपली ‘स्थिति’, त्यांची ‘स्तासिस’. आपली ‘गति’, त्यांची ‘बासिस’, म्हणजे पाऊल आणि मग पाऊल टेकतं तो आधार. कॉन्ट्रॅक्ट बेसिसवर नोकरी म्हणतो त्यातलं ‘बेसिस’ ते हेच. (ग आणि ब यांची अदलाबदलही नियमातलीच: आपली ‘गो’ म्हणजे गाय, त्यांची ‘बोउस’.) आता धातू आणि प्रत्यय दोन्ही जोडले की फ्यूसिसच्या समोर संस्कृत शब्द येतो ‘भूति’. विभूती, अनुभूती, सहानुभूती या शब्दांच्या पोटात तो रोज आपल्या तोंडी असतो.

घरातलं नातं याहून जवळचं आहे. संस्कृत ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ झालं आणि त्यातून आपलं ‘होणं’ आलं. आपण दिवसातून शंभर वेळा ‘होतं’, ‘होईल’, ‘होय’ म्हणतो, त्या क्रियापदाचा आणि फिजिक्सचा धातू एक. आणि भौतिकशास्त्र? ‘भौतिक’ आलं ‘भूत’वरून, म्हणजे पंचमहाभूतांतल्या भूतावरून, आणि ‘भूत’ म्हणजे ‘झालेलं’. तिथेही भूच.

आवाज जुळला की नातं ठरतं का?

नाही, आणि इथे फार लोक घसरतात. ‘पालवी फुटणं’ यातलं ‘फुटणं’ बघा. अर्थ उगवण्याचा, आवाज ‘फ’चा, त्यामुळे तेच फ्यूसिसचं भावंड वाटतं. पण ते आलंय संस्कृत ‘स्फुट्’पासून, आणि त्याचा फ्यूसिसशी काही संबंध नाही. उलट ‘होणं’मध्ये फ नाही, भ नाही, तरी ते सख्खं नातेवाईक. नातं ठरतं ते एकाच नियमानं अनेक शब्द बदललेले दिसतात यावरून.

दुसरा आक्षेप हमखास येतो: म्हणजे ग्रीक भाषा संस्कृतातूनच निघाली ना? तसंही नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात हेच मांडलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की तिघी एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरलेली नाही. बहिणी आहेत, माय-लेकी नाहीत. याचा एक बारीक पुरावा फ्यूसिसमध्येच सापडतो. संस्कृत ‘भूति’त ऊ दीर्घ आहे, ग्रीक ‘फ्यूसिस’मध्ये तो स्वर ऱ्हस्व आहे, जरी त्याच क्रियापदाच्या कितीतरी रूपांत तो दीर्घ येतो. (देवनागरीत आपण ‘फ्यू’ दीर्घ लिहितो ती केवळ सोय.) ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्याही हे कानावर होतं. ‘मेटाफिजिक्स’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो फ्यूसिसचे अर्थ मोजतो तेव्हा पहिलाच अर्थ देतो ‘उगवणाऱ्या गोष्टींचं उपजणं’, आणि लगेच म्हणतो, जणू कोणी त्यातला स्वर लांबवून म्हणावा तसा. म्हणजे त्याच्या काळी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, शब्दाचं उगवण्याशी असलेलं नातं कानाला थोडं लपलेलं होतं आणि ते त्याला उघड करून दाखवावं लागत होतं.

काळं मूळ, दुधासारखं फूल

आपल्याला माहीत असलेल्या ग्रीक साहित्यात हा शब्द पहिल्यांदा होमरच्या ‘ओडिसी’त, दहाव्या सर्गात येतो. होमरच्या दोन्ही महाकाव्यांत मिळून एकदाच. ओडिसियसचे साथीदार सर्सी नावाच्या चेटकिणीच्या घरात गेलेत आणि तिनं त्यांची डुकरं केली आहेत. त्यांना सोडवायला तो निघतो तेव्हा वाटेत हर्मिस देव भेटतो. तो जमिनीतून एक वनस्पती उपटतो, ओडिसियसच्या हातात देतो आणि तिची ‘फ्यूसिस’ दाखवतो. मूळ काळं, फूल दुधासारखं पांढरं. देव तिला ‘मोली’ म्हणतात, माणसांना ती खणून काढणं अवघड.

इथे फ्यूसिस म्हणजे काय? ‘निसर्ग दाखवला’ असं भाषांतर केलं तर हास्यास्पद होईल. काहीजण ‘रूप’ म्हणतात, काहीजण ‘गुण’. पण वर्णनाकडे नीट पाहिलं तर देव काय दाखवतोय ते कळतं. मातीखालचं काळं टोक आणि उजेडातलं पांढरं टोक. एकाच झाडाची, अंधारात सुरू होऊन प्रकाशात संपणारी आख्खी वाढ. जमिनीवरून फक्त फूल दिसतं. उपटल्यावर कळतं की पांढऱ्याचं मूळ काळं आहे. एखादी गोष्ट कशी वाढून अशी झाली, हा तिचा फ्यूसिस.

मिलेटसचे लोक काय विचारत होते

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस नावाचं ग्रीक शहर होतं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात तिथे थेलीस, ॲनॅक्सिमँडर आणि ॲनॅक्सिमेनीस होऊन गेले. ॲरिस्टॉटल अशा लोकांना ‘फ्यूसिकोइ’ म्हणतो, फ्यूसिसबद्दल बोलणारे. थेलीसनं सगळ्याचं मूळ पाणी सांगितलं, ॲनॅक्सिमेनीसनं हवा. शाळेच्या पुस्तकात ही विधानं बालिश वाटतात. पण त्यांचा प्रश्न ‘जग कशाचं बनवलंय’ एवढाच नव्हता, ‘हे सगळं कशातून उगवलं’ हाही होता. थेलीसला पाणी का सुचलं असावं, याचा अंदाज बांधताना ॲरिस्टॉटल सांगतो: प्रत्येक गोष्टीचं पोषण ओलं असतं आणि बी ओलसर असतं. म्हणजे विचार रोपाचा होता. वीज कोणत्या देवानं टाकली, भूकंप कोणाच्या रागानं झाला, हे सोडून गोष्टी आपल्याआप कशा घडतात हे विचारायला त्यांना जो शब्द सापडला, तो बागेतला होता.

इफेसस या ग्रीक शहरातला तत्त्वज्ञ हेराक्लायटस, त्याचं एक तीन शब्दांचं वाक्य आहे: ‘फ्यूसिस क्रिप्तेस्थाइ फिलेइ’. नेहमीचं भाषांतर ‘निसर्गाला लपायला आवडतं’. देखणं आहे, पण त्यात निसर्ग म्हणजे बुरखा घेतलेली बाई होऊन बसते. ‘फिलेइ’चा अर्थ ‘प्रेम करतो’ असा असला तरी दुसऱ्या क्रियापदाबरोबर तो ‘सहसा तसं करतो’ असाही होतो. फ्यूसिसचा ‘उगवणं’ हा अर्थ धरला तर वाक्य असं ऐकू येतं: जे उगवतं त्याचा कल लपण्याकडे असतो. मोलीचं काळं मूळ आठवा.

पुरलेला पलंग

शब्दाची काटेकोर व्याख्या केली ॲरिस्टॉटलनं, ‘फिजिक्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला. ती सोप्या शब्दांत अशी: प्राणी, त्यांचे अवयव, वनस्पती, आणि माती, पाणी, हवा, आग यांच्यात हालण्याचं आणि थांबण्याचं मूळ त्यांच्या आतच असतं. पलंग आणि अंगरखा यांच्यात, पलंग म्हणून किंवा अंगरखा म्हणून, ते नसतं. ते सुताराच्या आणि शिवणाऱ्याच्या डोक्यात असतं. ज्याच्या आत हे मूळ आहे ते ‘फ्यूसिसनं’ आहे.

याच ठिकाणी तो अँटिफॉन या विचारवंताचं एक उदाहरण देतो. पलंग जमिनीत पुरा. कुजलेल्या लाकडात जर कोंब धरायची ताकद आली, तर वर काय येईल? पलंग येणार नाही, लाकूड येईल. हे पटवायला ग्रीसला जायची गरज नाही. कोकणात किंवा घाटावर कुंपणाला पांगाऱ्याचे, शेवग्याचे नाहीतर गिरिपुष्पाचे ओले खांब ठोकतात. पावसाळ्यात त्यांना पालवी फुटते. आपण ठोकला होता खांब, उगवतो पांगारा. खांबपण आपण बाहेरून दिलेलं होतं, पांगारापण त्याच्या आतलं. अँटिफॉन यावरून म्हणतो की खरा फ्यूसिस म्हणजे आतलं द्रव्य. ॲरिस्टॉटल त्याला पूर्ण मान देत नाही. त्याचं म्हणणं, माणसापासून माणूस होतो, पलंगापासून पलंग होत नाही, तेव्हा नुसतं द्रव्य पुरत नाही. ज्या रूपाकडे वाढ जाते ते रूपच अधिक खरा फ्यूसिस. मला ही दुरुस्ती महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे शब्दात दिशा येते. बी कशाकडे वाढतंय हेही फ्यूसिसमध्ये धरलं जातं.

आणखी एक गाठ तो सोडवतो. डॉक्टर स्वतःला बरा करतो, म्हणजे बरं होण्याचं मूळ त्याच्या आतच नाही का? ॲरिस्टॉटल म्हणतो, योगायोगानं. रोगी आणि डॉक्टर एकच माणूस निघाला एवढंच. रोगी म्हणून त्याच्यात वैद्यकी नाही. पण पुढे, त्याच भागाच्या शेवटी, तो हीच उपमा उलटी वापरतो: फ्यूसिस कशासारखा? स्वतःवरच उपचार करणाऱ्या डॉक्टरसारखा.

हे लिहिणारा माणूस अंडी फोडून पाहणारा होता. कोंबडीच्या अंड्यात तीन दिवस-रात्रींनंतर पहिली खूण दिसते, हृदय रक्ताच्या ठिपक्याएवढं दिसतं आणि तो ठिपका जिवंत असल्यासारखा उडत असतो, असं त्यानं प्राण्यांवरच्या ग्रंथात नोंदवलंय. फ्यूसिस हा त्याच्यासाठी असा उडणारा ठिपका होता.

मग ‘फिजिशियन’ वैद्य कसा झाला?

प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटीसच्या नावावर जमा असलेल्या वैद्यकीय ग्रंथांत फ्यूसिस म्हणजे माणसाच्या शरीराची घडण. त्यातल्या ‘माणसाचा फ्यूसिस’ या ग्रंथात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांच्या प्रमाणावर तब्येत ठरवली आहे. आपल्याकडे वैद्य ‘तुमची प्रकृती पित्ताची’ म्हणतात, त्या ‘प्रकृती’ची जागा तिथे फ्यूसिस घेतो. त्याच संग्रहातलं एक वाक्य पुढे दोन हजार वर्षं गाजत राहिलं: रोगांचे वैद्य म्हणजे फ्यूसिस. आपण म्हणतो, स्वभावाला औषध नाही. ते म्हणत होते, स्वभाव हेच औषध.

त्यामुळे मध्ययुगीन युरोपात ‘फिजिक’ म्हणजे वैद्यक आणि ‘फिजिशियन’ म्हणजे वैद्य, हे पक्कं झालं. लंडनचं फिजिशियनांचं कॉलेज १५१८ सालचं. निसर्गाचे नियम शोधणारे लोक तेव्हा स्वतःला निसर्ग-तत्त्वज्ञ म्हणवत. न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथाच्या नावातही ‘निसर्ग-तत्त्वज्ञानाची गणिती तत्त्वं’ असंच आहे. १८४० साली विल्यम ह्युएल या इंग्रज विद्वानांना या लोकांसाठी नाव हवं होतं. ‘फिजिशियन’ डॉक्टरांनी आधीच घेतलेलं, म्हणून त्यांनी ‘फिजिसिस्ट’ असा नवा शब्द पाडला. फिजिक्स शिकून फिजिशियन का होत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

‘मेटाफिजिक्स’चा उगमही असाच सरळ. ॲरिस्टॉटलच्या लेखनात ‘फिजिक्सवरच्या ग्रंथांनंतरचे’ म्हणून जे ठेवले गेले ते मेटाफिजिक्स. ‘मेटा’ म्हणजे नंतर. हाडातला ‘मेटाफायसिस’ही असाच शेजारावरून नाव मिळालेला.

चार भाषांतरं, चार चित्रं

ग्रीक शब्द दुसऱ्या भाषेत गेला की प्रत्येकीनं आपलं चित्र काढलं. रोमनांनी ‘नातुरा’ केलं, ‘जन्मणं’ या क्रियापदावरून. त्यातूनच नेचर. त्याचा धातू आपल्या ‘जन्’चा सोयरा आहे, म्हणजे जन्म आणि जात या शब्दांचा. चित्र बदललं: ग्रीकांचं झाड सतत वाढत होतं, रोमनांचं बाळ एकदाच जन्मलं.

अरबीत, बगदादमध्ये नवव्या शतकाच्या आसपास ग्रीक ग्रंथ उतरवले जात होते, तेव्हा इसहाक इब्न हुनैन यांनी ॲरिस्टॉटलचं ‘फिजिक्स’ अरबीत आणलं. तिथे फ्यूसिससाठी शब्द होता ‘तबीआ’, शिक्का मारणं या अर्थाच्या धातूवरून. म्हणजे वस्तूवर उमटलेला ठसा. हा शब्द फारसीतून दख्खनेत आला आणि मराठीत झाला ‘तब्येत’. तेव्हा आजीला ‘तब्येत बरी आहे ना?’ असं विचारताना आपण जो शब्द वापरतो, त्याच शब्दानं बगदादचे भाषांतरकार फ्यूसिस सांगत होते. गवई ‘तब्येतीत गायला’ म्हणतो तेव्हाही तोच, मनाच्या ठशाबरहुकूम.

संस्कृतकडून आपल्याला ‘प्रकृती’ मिळाली, ‘कृ’ म्हणजे करणं यावरून, आणि ‘निसर्ग’, ‘सृज्’ म्हणजे सोडणं, बाहेर टाकणं यावरून. दोन्हीत कोणीतरी काहीतरी करतंय. शिवाय प्रकृती आणि संस्कृती दोघी ‘कृ’च्याच, त्यामुळे आपल्याकडे त्या चुलत बहिणी वाटतात. ग्रीकमध्ये वाढणं आणि बनवणं यांची मुळं वेगळी, म्हणून त्यांचं भांडणही जास्त तीव्र.

फ्यूसिसला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द मला ‘स्वभाव’ वाटतो. ‘स्व’ आणि ‘भू’पासूनचा ‘भाव’: आपल्या आतून होणं. ॲरिस्टॉटलची पानभर व्याख्या तीन अक्षरांत आली. अडचण एवढीच की आज आपण स्वभाव फक्त माणसाला लावतो आणि तो बदलत नाही असं धरून चालतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतो. शब्दात मात्र ‘होणं’ आहे.

‘नैसर्गिक’ म्हणजे योग्य का?

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्समध्ये फ्यूसिसच्या समोर दुसरा शब्द उभा राहिला: ‘नोमोस’, म्हणजे रूढी, कायदा, माणसांनी ठरवलेलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. इराणचा राजा दारियस दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, किती पैसे घेऊन तुम्ही मेलेल्या बापाला खाल? कितीही दिले तरी नाही, असं उत्तर येतं. मग तो कल्लातिआइ नावाच्या हिंदी लोकांना, जे आईबापांचं प्रेत खात असं हिरोडोटस म्हणतो, विचारतो की प्रेत जाळायला किती घ्याल? ते ओरडतात, असलं अभद्र बोलू नका. हिंदुस्थानातल्या त्या लोकांबद्दलची माहिती कितपत खरी ते सोडून द्या. मुद्दा असा की जे प्रत्येकाला स्वाभाविक वाटत होतं ते नोमोस होतं.

इथून दोन वाटा फुटल्या. ॲरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहिलं की काही माणसं फ्यूसिसनंच गुलाम असतात. ज्यानं पांगारा आणि खांब यांतला फरक इतका नेमका केला, त्याला गुलामाच्या पाठीवर ठोकलेलं गुलामपण आतून उगवल्यासारखं दिसलं, हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं. त्याच्याच ग्रंथात नोंद आहे की गुलामी ही फक्त नोमोस आहे, फ्यूसिसनं माणसामाणसांत फरक नाही आणि म्हणून ती अन्याय आहे, असं म्हणणारेही तेव्हा होते. अँटिफॉनच्या नावाचे पपायरसचे तुकडे इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथे सापडले. त्यात युक्तिवाद सरळ आहे: फ्यूसिसनं आपण सगळे, ग्रीक काय आणि परके काय, सगळ्या बाबतीत सारखेच उपजलो आहोत. सगळेच तोंडानं आणि नाकानं श्वास घेतो. तिथलं ‘उपजलो’ हे क्रियापदही फ्यूसिसच्याच धातूचं आहे. कोणी ‘बायका स्वभावतःच अशा’ किंवा ‘अमुक लोक जात्याच तसे’ म्हणालं, की अँटिफॉनचा पलंग पुरून बघावा: माणसानं बाहेरून दिलेलं काढून घेतलं तर काय उगवेल?

दुसरी गल्लत वैद्यकातली. ‘फ्यूसिसच वैद्य’ हे सूत्र युरोपातल्या निसर्गोपचाराच्या चळवळीत पुन्हा जोमात आलं. लुई कूने आणि ॲडॉल्फ युस्ट यांची मतं गांधीजींनी मनावर घेतली होती, आणि १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार केंद्र सुरू केलं. आहार, पाणी, विश्रांती यांचं मोल त्यात आहेच. पण त्यावरून ‘शरीर आपोआप बरं होतं, काही करायला नको’ असं काढणं हिप्पोक्रेटिक वैद्यांना मान्य झालं नसतं. त्यांच्या संग्रहात मोडलेली हाडं ओढून कशी बसवायची, पट्ट्या कशा बांधायच्या यावर स्वतंत्र ग्रंथ आहे.

मनगटाच्या त्या काळ्या रेघेपाशी हे नेमकं दिसतं. वाढीच्या चकतीतून जाणाऱ्या फ्रॅक्चरचे साल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली पाच प्रकार केले, ते आजही वापरतात. सगळ्यात जास्त दिसतो दुसरा प्रकार, ज्यात भेग चकतीतून जाऊन मेटाफायसिसचा एक तुकडा घेऊन निघते. पहिल्या प्रकारात भेग फक्त चकतीतून जाते आणि एक्स-रे साधा दिसू शकतो. अशा वेळी चकतीवरच बोट दाबल्यावर दुखतं का हे पाहतात, कधी तुलनेसाठी दुसऱ्या मनगटाचाही एक्स-रे काढतात. हाड सरकलं असेल तर लवकर बसवावं लागतं. आठवडा-दहा दिवस उलटल्यावर जोर लावून बसवायला गेलं तर चकतीलाच इजा होते, आणि मग तो हात आखूड किंवा वाकडा वाढण्याचा धोका असतो. योग्य जागी बसवलं, तर राहिलेला थोडाफार बाक मूल वाढता वाढता बरेचदा स्वतःच भरून काढतं.

एका शब्दावरून फुटलेली चर्चेस

शब्दाचं वजन किती असू शकतं याचं एक उदाहरण. येशूमध्ये देवाचा आणि माणसाचा असे दोन फ्यूसिस की दोन्ही मिळून एक, या वादावर इ.स. ४५१ मध्ये कॅल्सिडन इथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, धर्मसभा भरली. तिनं ‘एक व्यक्ती, दोन फ्यूसिस’ असा निर्णय दिला. इजिप्त, सीरिया, आर्मेनिया इथल्या चर्चनी तो मानला नाही. ती फूट आजही आहे. गोव्यातलं कॅथलिक चर्च कॅल्सिडन मानणारं, केरळमधलं मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च न मानणारं.

खरे वंशज कसे ओळखायचे

‘फायटो’ दिसलं की ते याच घरातलं. ग्रीक ‘फ्यूतोन’ म्हणजे उगवलेलं, वनस्पती: फायटोप्लँक्टन, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा. जीवशास्त्रातला ‘फायलम’, मराठीत संघ, तोही इथलाच, एकत्र उपजलेल्यांचा गट या अर्थानं. मेंदूतळाच्या पिट्युटरी ग्रंथीचं दुसरं नाव हायपोफायसिस, खाली वाढलेली. ओटीपोटातल्या दोन हाडांचा सांधा प्युबिक सिम्फायसिस, एकत्र वाढलेला. क्लोरोफिलमधलं ‘फिल’ मात्र पानासाठीच्या ग्रीक शब्दातून येतं. पान उगवतं, आवाजही मिळतो, तरी धातू वेगळा. फिलॉसॉफीतला ‘फिलो’ प्रेमाचा. आणि आपलं ‘फिजूल’ अरबी.

आजच्या ग्रीकमध्ये शब्द ‘फीसी’ असा उच्चारतात आणि त्याचा अर्थ आपल्या निसर्गासारखाच झाला आहे. पण अथेन्सच्या टपरीवर कोणाला विचारलं, इथे कॉफी मिळेल का, तर तो म्हणेल ‘फिसिका!’ म्हणजे ‘अर्थात!’. आपण त्या जागी ‘होय’ म्हणू, नाहीतर ‘होईल की’.